पाण्याकडची बाजू

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सानगडीच्या बाजूच्या एका गावात शाळेत खेळाचा मास्तर आहे, आणि जिथे नोकरी तिथलाच जन्म, त्यामुळे माझा राग शाळेपुरता राहत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. आजवर तीन शिट्ट्या मी जमिनीवर आपटून फोडल्या. चौथी फुटली नाही, कारण ती मी आपटली ती गवतात गेली, आणि एका पोरीने ती शोधून, ओढणीला पुसून माझ्या हातात आणून दिली. "सर, पुढच्या बारीले माती पाहून आपटजा," म्हणाली. अशी ती पोरगी.

गोष्ट तिचीच आहे. तिचा बाप गावच्या तलावात मासे धरतो, आई ते सानगडीच्या बाजारात विकते. पहाटे बापासोबत जाळी काढायला जायची, मग शाळेत यायची, आणि सरावाला रोज दहा मिनिटं उशीर. मी रोज ओरडायचो. ती रोज ऐकून घ्यायची, मान खाली नाही, वर नाही, सरळ. ओरडून झालं की विचारायची, "झालं का सर? पॅड बांधू?" आता अशा पोरीवर माणूस किती वेळ रागावणार?

तिची बॅटिंग समजून घ्यायची तर आमचं मैदान समजून घ्यावं लागेल. धान कापून झालं, तलावाचं पाणी थोडं मागे सरलं, की काठाची जमीन उघडी पडते. तिथे सकाळी गुरं चरतात, दुपारनंतर गाव क्रिकेट खेळतं. एका टोकाला कायम चिखल असतो, म्हणून बॉलिंग दोन्ही बाजूंनी होत नाही, एकाच टोकाकडून होते. आणि उजव्या हाताने खेळणारा उभा राहिला की त्याच्या पाठीकडची, म्हणजे लेगची, सगळी बाजू पाणी. तिकडे फिल्डर नसतो. कोण उभं राहणार गुडघाभर पाण्यात?

नियम माझ्या बापाच्या वेळेपासून एकच आहे. पाण्यात मारला की आउट, आणि ज्याने मारला त्यानेच काढायचा. तोही लगेच, कारण वारा असला तर बॉल तरंगत शिंगाड्याच्या वेलात जातो, आणि एकदा तिथे गेला की त्या काट्यांतून तो काढायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून आमच्या गावात बॉल हवेत तिकडे उडाला की मारणारा अंपायरकडे बघत नाही, कोणाकडेच बघत नाही. बॅट टाकतो, पँट गुडघ्यावर घेतो आणि पळतो. पूस महिन्यातलं ते पाणी असं गार असतं की पाय घातला की बोटं आहेत का नाहीत कळत नाही. मी स्वतः शेकडो वेळा गेलो असेन.

आता विचार करा. अर्धं मैदान मोकळं, एक माणूस नाही तिकडे, आणि बॉलिंग करणारे हरामखोर मुद्दाम पायावर टाकतात. मारा, मारा म्हणून ती बाजू बोलावत राहते. आणि मारायचा नाही. आमची पोरं चार बॉल धीर धरतात, पाचव्याला मोह होतो, सहाव्याला पाण्यात असतात. ही पोरगी सात वर्षांची असल्यापासून थोरल्या पोरांत खेळली आणि ती पाण्यात गेलेली मी दोनदा, फार तर तीनदा पाहिली. पायावर आलेला बॉल ती खाली दाबून पायाशी ठेवायची आणि पुढच्या बॉलची वाट बघायची. चेहऱ्यावर काही नाही. मला तेव्हा वाटायचं, हिला मोहच होत नाही. मोह व्हायचा, हे तिने मला फार नंतर सांगितलं. "लई मन होते सर. मंग मी खालचा हात आवळतो, दुखेपर्यंत आवळतो, अन् सोडून देतो. हातासंगं मनही सुटून जाते."

मी बॅटिंगचं शिक्षण घेतलेला माणूस आहे. पुस्तकं वाचली आहेत, शिबिरं केली आहेत. दाबाखाली कसं खेळायचं यावर मला एक तास बोलता येतं. पण माझी पद्धत काय होती, तर ओरडणं. मॅच अडली की मी दोरीच्या बाहेरून आकडे ओरडायचो. चौदा बॉल एकवीस! तेरा बॉल वीस! मला वाटायचं, दाब अंगावर घेतल्याशिवाय पोरं पेटत नाहीत. एकदा साकोलीला मॅच जिंकून ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, तुमी आकडे नका सांगत जाऊ ना."

"काहून?"

"मले मोजता येते."

बाकीच्या पोरी तोंडात ओढणी घालून हसल्या. माझं डोकं असं तापलं की काय सांगू! पण खरं होतं. तिला मोजता येत होतं, फक्त ती मोजत नव्हती. आलेला बॉल खेळायची, गेलेला सोडायची, आणि पुढचा अजून आलाच नाही म्हणून त्याची काळजी करायची नाही. एवढं सोपं. आणि हे सोपं मला पन्नाशी आली तरी जमलेलं नाही.

तिच्या बापानेही मला एकदा हटकलं. तलावाच्या पाळीवर बसून जाळं साफ करत होता. म्हणाला, "गुरुजी, तुमी तिच्यावर वरडता, वरडा. पन ते खेळून राहिली असते तेवा नका वरडू. तिचा हात घट्ट होते. जाळं मुठीत आवळून फेकलं तं उघडतच नाई, गोळा होऊन पडते पान्यात." मी हव म्हटलं आणि पुढच्याच मॅचला पुन्हा ओरडलो. सवय काय एका दिवसात जाते?

पण एका बाबतीत मी बरोबर होतो, आणि त्याचाच पुढे घोळ झाला. तिला लेगला मारता येत नव्हतं, म्हणजे ती मारतच नव्हती. शाळेच्या नेटमध्ये मी शिकवला तो फटका. नेटमध्ये सुरेख मारायची. मॅचमध्ये उभी राहिली की पाठीमागे तलाव असल्यासारखी ती बाजू बंद. साकोलीच्या मैदानाला तलाव नाही, लाखनीच्या नाही, तरी बंद. मी म्हणायचो, "अगं बाई, अर्धं मैदान कोणाला दान करून टाकलंस?" ती म्हणायची, "सर, कळते मले. पायच वळत नाई."

मग निवड आली. भंडाऱ्याला मैदानावर मुलींची निवड चाचणी, जिल्ह्यातल्या पोरींच्या दोन टीम करून एक मॅच, आणि त्यातून विभागाच्या संघासाठी नावं. बॅटिंगच्या जागा दोन. तिच्या वयाचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी ती त्या गटात बसणारच नव्हती. आधीची दोन वर्षं आम्ही गेलो होतो. पहिल्या वर्षी पाऊस पडला, दुसऱ्या वर्षी तिची बॅटिंगच आली नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दुपारी. निघताना आईने डब्यात पोहे दिले आणि मला म्हणाली, "सर, घेतलं तं घेतलं, नाई घेतलं तं पोरीले बोल लावू नका." मी काय एवढा राक्षस आहे? पण तिने सांगितलं ते बरं केलं.

बसमध्ये मी एकच गोष्ट सांगितली. आज लेगला मारायचं. निवडणारे तेच बघतील. एकाच बाजूला खेळणारी बॅटर ते घेणार नाहीत. ती खिडकीबाहेर बघत "हव" म्हणाली.

तिच्या टीमची बॅटिंग सुरू झाली आणि दहाव्या ओव्हरच्या आत अंपायरने मला दोनदा समज दिली. आकडे ओरडत होतो, दुसरं काय. तिसऱ्यांदा निवड समितीतले एक गृहस्थ टेबलावरून उठून आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही जरा त्या कडुनिंबाखाली बसता का? तिकडे सावलीही आहे." कडुनिंब मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकाआड एक ओव्हरला लेगच्या बाजूला, दोरीबाहेर. माझा अपमान झाला, पण पोरीचं नुकसान नको म्हणून गेलो आणि गुपचूप बसलो.

तिची टीम धावांचा पाठलाग करत होती. ती आली तेव्हा पहिल्या तिघी परतल्या होत्या. मग तिने जे केलं ते मी कडुनिंबाखालून एकटा बघत होतो आणि मला नवल वाटत होतं. समोरची पोरगी घाबरून वेडीवाकडी बॅट फिरवायची, तर ही दोन बॉलच्या मध्ये तिच्याकडे चालत जायची, काहीतरी बोलायची, परत यायची. खालचा हात आवळायची, सोडायची, मग उभी राहायची. प्रत्येक बॉलला हेच, घाई नाही, उशीर नाही. एक एक धाव, मधूनच ऑफला एक चौका. अठराव्या ओव्हरला दोन विकेट गेल्या, आणि ही बाई बुटाची नाडी बांधत होती! बाप्पा, काय काळीज आहे, मी एकटाच मोठ्याने म्हणालो.

शेवटच्या ओव्हरला बारा हव्या होत्या. बॉलिंगला जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान पोरगी. पहिला बॉल बॅटला लागलाच नाही. दुसऱ्यावर दोन. चार बॉल, दहा धावा. आणि तिसरा बॉल आला तो पायावर, कंबरेच्या खाली, अगदी तसाच जसा आमच्या गावातले हरामखोर टाकतात.

तिचा पाय वळला. मी डोळ्यांनी पाहिलं, पाय वळला! बॅट फिरली आणि बॉल उंच, माझ्याच दिशेने, कडुनिंबाच्या वरून मागच्या नालीकडे गेला. सिक्स. इतका स्वच्छ फटका मी तिच्या हातून नेटमध्येही पाहिला नव्हता.

आणि तिने बॅट टाकली आणि पळाली.

धावा काढायला नाही. बॅट पिचवर टाकून, पॅडसकट, हेल्मेटसकट, ती बॉल काढायला पळाली. सरळ माझ्याकडे. समोरच्या टोकाची पोरगी ओरडतेय, "अगं कुठे? कुठे चाललीस?" अंपायरचे दोन्ही हात सिक्ससाठी वर आहेत, आणि ही दोरीकडे धावते आहे. अर्धं मैदान ओलांडलं तेव्हा तिला कळलं. थांबली.

सगळं मैदान हसलं. फिल्डिंगच्या पोरी गुडघ्यावर हात ठेवून हसत होत्या, टेबलावरचे तिघं हसत होते, कोणीतरी मोबाइल काढला होता. ते हसू माझ्या कानात शिरलं. संपली पोरगी, मला वाटलं. आता पुढच्या बॉलला दांडी उडणार. ज्याला लोक हसले त्या माणसाच्या हातात बॅट राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते पुढे सांगतो.

मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघते आहे, आणि मी बसलेला नाही. मी उभा होतो, कडुनिंबाच्या चार पावलं पलीकडे, नालीच्या तोंडाशी. माझ्या पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडलेला होता आणि दुसऱ्याला हात लागला होता. पन्नाशीचा माणूस, खेळाचा मास्तर, पुस्तकं वाचलेला! बॉल उडाला आणि मीही पळालो होतो. कधी उठलो, कधी पँट वर घेतली, देवाशपथ मला आठवत नाही.

तिने माझ्या उघड्या पायाकडे पाहिलं. हेल्मेटच्या जाळीतून तिचे दात दिसले. मग वळली, चालत परत गेली, बॅट उचलली, तिच्यावरची माती झटकली.

तीन बॉल, चार धावा. खालचा हात आवळला, सोडला. चौथा बॉल पायाच्या बोटांवर, तिने दाबून ठेवला. पाचवा ऑफला, दोन धावा. शेवटच्या बॉलला दोन हव्या होत्या, आणि बॉलिंगच्या पोरीने पुन्हा पायावर टाकला. मी तिच्या जागी असतो तर ज्या बाजूला मारून हसं झालं त्या बाजूला जन्मात बघितलं नसतं. तिने पुन्हा तिकडेच मारला. या वेळी जमिनीवरून, दोन फिल्डरच्या मधून. आणि धावली ती सरळ, पिचवरून, दोन वेळा, दुसऱ्या वेळी अंग टाकून. मी नालीकाठी पँटचा एक पाय वर, एक खाली, असा रडत होतो. रडलो, त्यात काय लपवायचं.

नावं तासाभराने वाचली. सहावं नाव तिचं होतं. ती "हव" म्हणाली, जणू हजेरी चालली होती, आणि मला म्हणाली, "सर, घरी फोन लावा. आई बाजारातून आली असन."

परतीच्या बसमध्ये मी खुश असायला हवं होतं, पण मला राग येत होता. मी बडबडत होतो. कोणी मोबाइल काढला, त्याचं थोबाड रंगवायला हवं होतं. टेबलावरची माणसं, एवढी मोठी, पोरीला हसतात? यांना लाज नाही? ती उरलेले पोहे खात होती. म्हणाली, "हसू द्या ना सर. तुमाले काहून एवढा राग येऊन राहिला? हसले तं मलेच हसले ना?"

"तुला नाही आला राग?"

"येकटीच धावली असती तं मेलीच असती मी लाजेनं. पन पाह्यलं तं तुमी पँट वर करून उभे. मंग म्या म्हटलं, चला, आपलं गावच हाय हे. भेवाचं काय?"

मग मी तिला सांगितलं. तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. एकोणीस वर्षांचा असताना मी नागपूरला निवडीला गेलो होतो. आमच्या भागात माझ्यासारखा बॅट्समन नव्हता, हे मी फुशारकीने नाही म्हणत, लोक म्हणत. बॅटिंगला गेलो, गार्ड घेतला आणि अंपायरला अगदी आदराने विचारलं, "साहेब, इथं आउट कोणत्या साइडले हाय?" कारण मी तोवर ज्या ज्या मैदानावर खेळलो तिथे एक बाजू आउटची असायचीच. कुठे तलाव, कुठे विहीर, कुठे कोणाचं घर. विचारल्याशिवाय खेळायचं कसं? अंपायर हसला. विकेटकीपर हसला, त्याने स्लिपमधल्यांना सांगितलं, ते हसले. पहिल्याच बॉलला माझी दांडी उडाली. तसाच निघालो, बस पकडली, आणि घरी सांगितलं की मॅच झालीच नाही. त्यानंतर कधी निवडीला गेलो नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो आहे की मी भित्रा आहे, माझ्यात दमच नाही, आणि माझ्या पोरींमध्ये तो ओरडून ओरडून भरायला हवा.

ती हसली नाही. डब्याचं झाकण लावलं, बोटं पुसली.

"तुमच्यासंगं कोन गेलं होतं सर?"

"कोणी नाही. धानाचं चुरणं चालू होतं घरी, सगळे खळ्यावर. एकटाच गेलो होतो."

तिने डबा पिशवीत ठेवला.

"मंग कसं जमन सर," ती म्हणाली. "तुमच्यासंगं कोनी धावलंच नाई."